नाकातील विषाणू आणि रक्तातील दाह : दोन अहवालांचा अर्थ

मुंबईत कोरोनाचे पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयाने सुरुवातीच्या तपासणीचा मोठा भार वाहिला. पुढे गिरगावपासून लालबागपर्यंत घरोघरी 'सीटी मूल्य' हा शब्द पोहोचला. आकडा लहान असला की नातेवाईक धास्तावत, मोठा असला की निर्धास्त होत. ही दोन्ही अनुमाने का फसू शकतात, हे देणगीदार व रुग्णांच्या आप्तांसमोर मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आरटी-पीसीआर तपासणीत नमुन्यातील विषाणूचा जनुकीय अंश प्रत्येक फेरीत साधारण दुप्पट होतो. तो यंत्रास दिसू लागेपर्यंत लागलेल्या फेऱ्या म्हणजे सीटी मूल्य. विषाणू अधिक, तर फेऱ्या कमी. सुमारे सव्वातीन फेऱ्यांचा फरक म्हणजे विषाणूंच्या संख्येत दसपट फरक. परंतु नमुना कसा घेतला, आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, तपासणीचा संच कोणता, यांवरही हा आकडा बदलतो. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सीटी मूल्य व आजाराची तीव्रता यांत भरवशाचा थेट संबंध नसल्याचे स्पष्ट केले होते. निदानाची मर्यादा २४ पर्यंत आणण्याविषयी महाराष्ट्र शासनाने विचारणा केली असता, एप्रिल २०२१ मध्ये परिषदेने ३५ हीच मर्यादा कायम ठेवली.

रक्ततपासणी निराळी गोष्ट सांगते. सीआरपी व फेरिटिन यांची वाढ दाह सुचवते. डी-डायमर वाढणे हे रक्तात गुठळ्या होऊन विरघळत असल्याची खूण असू शकते. लिंफोसाइट या पेशी गंभीर आजारात घटतात. ही सारी शरीराने दिलेल्या प्रतिसादाची मोजमापे आहेत, विषाणूंची नव्हेत.

कोरोनात नाका-घशातील विषाणू लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास सर्वाधिक असतात व पुढे ओसरतात. काही रुग्णांत मात्र दाह दुसऱ्या आठवड्यात भडकतो. विषाणू उतरत असताना रुग्ण खालावू शकतो, तो यामुळेच. मोठ्या समूहांच्या काही अभ्यासांत, भरतीच्या वेळी विषाणू अधिक असलेल्यांत मृत्यूचे प्रमाणही अधिक दिसले. विषाणूचे अंश रक्तातच सापडल्यास दाहाशी असलेले नाते अधिक घट्ट आढळले. तरीही समूहाच्या सरासरीवरून एका रुग्णाचे भवितव्य वर्तवता येत नाही.

उपचारांनीही हेच दाखवले. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत, जून २०२० मध्ये, डेक्सामेथासोन या दाहशामक औषधाने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र लाभ झाला नाही. औषध तेच, पण वेळ महत्त्वाची.

ही वेळ ओळखण्यासाठी एकदाच केलेली तपासणी पुरत नाही. तीच तपासणी ठराविक दिवसांनी पुन्हा करावी लागते आणि तिचा खर्च अनेक कुटुंबांना झेपत नाही. आपल्या देणगीचे मोल येथे कळते. आप्तांना आमची विनंती एवढीच, की एका कागदावरील आकड्यावरून घाबरू नये वा गाफील राहू नये. धाप लागणे, प्राणवायूची पातळी घसरणे, गुंगी येणे यांपैकी काहीही दिसताच, अहवालाची वाट न पाहता, रुग्णास त्वरित रुग्णालयात आणावे.