पहिल्या श्वासाच्या आधीपासून

सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ श्वास आत घेतं, पण सोडताना त्याची फुप्फुसं मिटून जातात. फुप्फुसातल्या बारीक हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा सरफॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ पोटातल्या शेवटच्या आठवड्यांतच पुरेसा तयार होतो. तो अपुरा पडला की बाळ कण्हतं, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते आणि काही तासांत ते थकतं. मेरी एलेन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये हे कारण दाखवलं. तरीही १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा दोन किलोंहून थोडा जड मुलगा याच आजाराने ३९ तासांत गेला. आज तेवढ्या वजनाचं बाळ वेळेत पोचलं, तर जिल्ह्याच्या रुग्णालयातही सहसा वाचतं.

वेळेत पोचलं तर! भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली. म्हणून इथे श्वासाची काळजी यंत्रापासून सुरू झाली नाही, गावातल्या बाईच्या हातांपासून झाली.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळात ते साठ किंवा जास्त असले तर धोका. पण निरक्षर दाईने साठपर्यंत मोजायचं कसं? त्यांनी मण्यांची पाटी केली, सोबत एका मिनिटाची वाळूची घडी. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी सहावा, लाल मणी सरकला, तर औषध द्यायचं. मला हे साधन कुठल्याही महागड्या मॉनिटरइतकंच मोलाचं वाटतं.

पुढे ३९ गावांत शिकलेल्या गावकरी स्त्रिया 'आरोग्यदूत' म्हणून बाळंतपणाच्या वेळी दाईच्या शेजारी बसू लागल्या. जन्मतः न रडलेल्या बाळाला आधी तोंडाने, मग नळी-मास्कने, १९९९ पासून बॅग-मास्कने श्वास दिला गेला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवायचं, कारण गारठलेल्या बाळाचा प्राणवायू ऊब टिकवण्यातच खर्च होतो. चोखता येत नसेल तर आईचं दूध काढून पाजायचं, जंतुसंसर्ग दिसला तर जेन्टामायसिनचं इंजेक्शन. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास छापून आला. दिवस न भरलेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरातली ३३ जात. पुढच्या वर्षांत ती १० वर आली. व्हेंटिलेटर एकही नव्हता. २०११ पासून देशभरच्या आशाताई याच धर्तीवर घरभेटी देतात.

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणून जबाबदारीही तिकडे सरकली आहे. शेजारच्या चंद्रपूरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण सगळ्यात स्वस्त उपचार बाळ जन्मण्याआधीचा आहे: चौतीस आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर आईला डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं, बारा-बारा तासांनी. त्याने फुप्फुसं लवकर पिकतात. २०१४ पासून हे इंजेक्शन एएनएम ताईही देऊ शकतात. उपकेंद्रातून बाई पुढे पाठवताना पहिला डोस तिथेच पडायला हवा, वाटेतले तास फुकट जाऊ नयेत.

जन्मानंतर मग सीपॅप. नाकातल्या छोट्या नळ्यांतून सतत दाब, दुसरं टोक पाण्यात बुडालेलं. बुडबुडे येत राहिले की दाब टिकतोय हे नर्सला लांबूनही दिसतं. पुष्कळ बाळं एवढ्यावर तरतात. जी श्वास घ्यायचंच विसरतात त्यांना कॅफिन, आणि तेवढ्यानेही न भागणाऱ्यांना घशात नळी घालून व्हेंटिलेटर. तिथे खरी कसोटी नर्सची: नळी सरकली का, चिकट स्राव साचला का, हवा कोमट-ओलसर आहे का. दाब जास्त झाला तर फुप्फुस फाटतं, नळी जास्त दिवस राहिली तर संसर्ग होतो. एका नर्सकडे सात-आठ बाळं दिली, तर नवं यंत्र आणून उपयोग नाही.

प्राणवायूही मोजूनच. रक्तातलं प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. त्याहून जास्त झालं तर डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात आणि वाचलेलं बाळ आंधळं होऊ शकतं. जन्मानंतर चौथ्या आठवड्यापर्यंत डोळे तपासले तर लेसरने दृष्टी वाचते. तोवर बाळ कधीच घरी, एटापल्लीच्या एखाद्या पाड्यावर पोचलेलं असतं. तपासणीची तारीख, डॉक्टरचं ठिकाण आणि आणायला येणारी गाडी हे तिन्ही रुग्णालयातून सुट्टी मिळते त्याच दिवशी आशाताईला सांगून ठेवायला हवं.