जुन्या रुग्णवाहिकेंतील कळा : ओळख आणि कालनिर्णय

भंडारा जिल्ह्यांतील कोंढा हें गांव ज्या पवनी तालुक्यांत येतें, त्या पवनी येथें १९६९-७० सालीं उत्खनन होऊन प्राचीन स्तूपाचे अवशेष उजेडांत आले. कोणती वस्तु कोणत्या थरांतील, हें ठरविल्यावांचून अशा अवशेषांचा अर्थ लागत नाहीं. कोंढ्यासारख्या गांवीं एखादी जुनी रुग्णवाहिका पडून असलेली आढळल्यास तिच्या कळांविषयींहि हाच प्रश्न प्रथम विचारावा, असें प्रस्तुत लेखाचें प्रतिपादन आहे.

पुण्याजवळ आकुर्डीस पूर्वीं बनत असलेली बजाज टेंपोची मॅटॅडोर उदाहरणार्थ घेऊं. चालकासमोरील फळीवर सामान्यतः दोन थर दिसतात. पुढचे दिवे, वायपर इत्यादींच्या कारखान्यांत बसविलेल्या कळा एकाच घडणीच्या व समान अंतरावर असतात. भोंगा, छतावरील फिरता दिवा आणि रुग्णकक्षांतील दिवे यांच्या कळा बहुधा मागाहून पत्र्यास भोंक पाडून बसविलेल्या, म्हणून निराळ्या घडणीच्या असतात.

कळेवरील अक्षरें हा दुय्यम पुरावा होय. कळ बदलते, चिठ्ठी मात्र जुनीच राहते. मुख्य पुरावा तारेचा. मोटारीनें फिरणाऱ्या भोंग्यास विद्युत्प्रवाह फार लागतो. म्हणून कळेपासून बारीक तार रिलेपर्यंत जाते व तेथून जाड तार भोंग्याकडे निघते. इलेक्ट्रॉनिक भोंग्यास निराळी पेटी असून स्वर निवडण्याची फिरती कळ व बहुधा ध्वनिग्राहकहि असतो. छताकडे जाणारी तार दिव्याची असूं शकते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत रुग्णवाहिकेच्या लुकलुकत्या दिव्यास जांभळी कांच सांगितली होती. तशी कांच आढळल्यास ती कालनिर्णयास साह्य करते, परंतु कांच मागाहून बदलणें सोपें असल्यानें तिच्या एकटीवर निर्णय करूं नये.

परीक्षेपूर्वीं बॅटरी सोडवावी, छायाचित्रें घ्यावींत, प्रत्येक तार टोंकापर्यंत शोधावी. मगच योग्य फ्यूज घालून एकेक मार्ग तपासावा. जुन्या तारेचें आवरण ठिसूळ झालेलें असतें. घाईनें कळ दाबल्यास आग लागून पुरावा व परीक्षक दोघांसहि धोका पोंचेल.

महाराष्ट्रांत २०१४ सालीं १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशीं सुरू झाली. तत्पूर्वींच्या गाड्यांच्या कळांची माहिती बव्हंशीं त्यांच्या चालकांच्याच स्मरणांत आहे. ती ऐकून घ्यावी, पण तारेशीं ताडून पाहिल्यावांचून संग्रहालयाच्या पाटीवर लिहूं नये. एकदां लिहिलेली चूक पुढील संशोधकास प्रमाण वाटते.