शेवटचे कडवे गाळू नका

सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे वामनदादा कर्डकांचे गाव. १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेल्या दादांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. तरी त्यांची गाणी आमच्या निरक्षर आयांना तोंडपाठ! एकीने गायचे, दुसरीने उचलायचे. बाबासाहेबांचा विचार असा घरोघरी पोहोचला.

हातात कागद नसताना कवीचे नाव टिकले कसे? अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात दादांनी 'वामन' हे नाव गुंफले आहे. गाणे पाठ झाले की नावही पाठ होई. आज मिरवणुकीत दोन कडवी वाजतात आणि नेमके शेवटचे गळते.

दादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या गाण्यांचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याने २०६४ अखेरपर्यंत आहे. कर्त्याच्या नावाचा हक्कही कायदा मानतो. पण वस्तीतल्या गाण्यासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? आम्ही वकील असूनही सांगतो, हा पहारा आपणच द्यायचा आहे.

येत्या जयंतीपूर्वी आजीजवळ बसा, गाणे पुरते शिका, मुलांना शिकवा. 'वामन' आल्याशिवाय गाणे थांबवू नका.

जयभीम!