साखळीचा सांधेवाला

गिअरच्या सायकलीस मागच्या चाकाच्या आसाखाली, उजव्या अंगाला, दोन चिमुकली दंतचक्रे पोटात घेतलेला जो एक लहानसा पिंजरा लोंबत असतो, त्याच्याकडे घरातील मंडळींचे लक्ष सहसा जात नाही. गेलेच तर लेंग्याची कड त्यात सापडून काळी होते तेव्हा. त्याचे नाव डिरेलर. मूळ शब्द फ्रेंच, आणि त्याचा सरळ अर्थ 'रुळावरून उतरविणारा'. विक्रोळीसारख्या, लोहमार्गाने मधोमध दुभंगलेल्या वस्तीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांस हे नाव अशुभच वाटावयाचे! परंतु त्याचे काम पाहिले तर ते अपघाताचे नसून सांधेवाल्याचे आहे. साखळी धावत असतानाच तिला एका दंतचक्रावरून हलके ढकलून शेजारच्या दंतचक्रावर नेऊन बसवावयाची, आणि या अदलाबदलीत तिला जो ढिलेपणा येईल तो स्प्रिंगच्या जोरावर ओढून धरावयाचा, एवढी दोनच कामे. ती कोणता सांधेवाला नीट करतो, आणि करताना डोळ्यांस कसा दिसतो, यावर घरात गेले तीन महिने जो वाद चालला आहे, त्यातून निघालेले नवनीत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वादाचे निमित्त घरगुती आहे. आमचे तीर्थरूप आप्पा 1974 साली विलायतेतील शिक्षण आटोपून परतले, तेव्हा सामानासोबत एक सायकल घेऊन आले. तिला मागे कांपान्योलो कंपनीचा 'नुओव्हो रेकॉर्ड' डिरेलर आहे. पन्नास वर्षे ती पुसूनपासून ठेवलेली; दसऱ्यास तिची पूजा चुकलेली नाही. यंदा आमच्या पुतणीने जाहीर केले की, याच सायकलीवर जुन्या रस्त्याने पुण्यास जावयाचे. आता, विक्रोळीचा पूर्वभाग खाडीकडे सपाट पसरलेला. तेथे गिअर नसला तरी अडत नाही. पश्चिमेस पार्कसाईटच्या टेकडीवर चढू लागले म्हणजे मात्र श्वास बोलू लागतो. आणि बोरघाट म्हणजे काही पार्कसाईट नव्हे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटर चढावयाचे, त्यातही शिंगरोबाच्या देवळाजवळचा रस्ता असा उभा की, मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तो घाट प्रथम सर करणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरविण्याची प्रथाच पडली आहे.

अडचण येथेच आहे. आप्पांच्या सायकलीस पुढे लहानात लहान चक्र 42 दातांचे, मागे मोठ्यात मोठे 26 दातांचे. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यास सायकल सुमारे 3.4 मीटर पुढे जाते. मागे 32 दातांचे चक्र घातले तर तीच फेरी 2.75 मीटरांवर येते आणि गुडघ्यांवरचा भार त्या प्रमाणात हलका होतो. पण नुओव्हो रेकॉर्ड हा शर्यतीच्या स्वारांसाठी घडविलेला. 26 दातांच्या फारसे पुढे जाणे त्यास मानवत नाही. तेव्हा एक तर पुतणीचे गुडघे, नाही तर आप्पांचा डिरेलर!

ही चीज मूळची शर्यतवाल्यांच्या लाडाची होती असे समजू नये. तूर द फ्रान्स या जगद्विख्यात शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांस असल्या सोयींचा मनस्वी तिटकारा. त्यांच्या शर्यतीत 1937 पर्यंत व्यावसायिक स्वारास डिरेलर वर्ज्य होता. चढ लागला की खाली उतरावयाचे, मागचे चाक काढून उलटे बसवावयाचे, की दुसऱ्या बाजूचे मोठे दंतचक्र साखळीखाली येई. बंदी उठल्यावरही सुरुवातीची यंत्रे काही कमी विक्षिप्त नव्हती. जीनो बार्ताली याने 1948 ची तूर जिंकली ती कांपान्योलोच्या 'कांबिओ कोर्सा'वर. त्यात पिंजरा नाही, स्प्रिंग नाही; मागच्या दांडीवर दोन लांब तरफा. धावत्या सायकलीवर हात मागे नेऊन एका तरफेने चाकाचा आसच सैल करावयाचा, दुसरीने साखळी सरकवावयाची, आणि हे सारे पाय उलटे फिरवीत! चाक आपल्याच खाचेत मागेपुढे होऊन साखळीचा ताण जुळवून घेई. दिसावयास हे यंत्र फार सोज्वळ, कारण लोंबते असे काही नाहीच. पण ते चालविण्यास बार्तालीच पाहिजे.

तुल्यिओ कांपान्योलो यांनी 1949 मध्ये 'ग्रान स्पोर्त'चा नमुना पुढे आणला आणि पुढच्या वीस-तीस वर्षांचे वळण ठरून गेले. चार बिजागऱ्यांची एक चौकट. तार ओढली की ती तिरपी होते, पण पिंजरा मात्र स्वतःशी समांतर राहून आतबाहेर सरकतो. कल्पना अगदी नवी नव्हती. फ्रान्समधील निवेक्सने ती आधीच वापरली होती. कांपान्योलोंचे श्रेय घडणावळीत. 1963 चा 'रेकॉर्ड' आणि 1967 पासूनचा, हलक्या अॅल्युमिनियमचा 'नुओव्हो रेकॉर्ड' ही त्याच घराण्यातील पुढची पिढी. एडी मर्क्स याने आपल्या विजयांची रास या शेवटच्यावर रचली.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. विक्रोळीतच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांचे आयुष्य गेले. ज्या गावी 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्या घडल्या, त्या गावच्या माणसास पत्र्याची आणि कुलपाची पारख शिकवावी लागत नाही. त्यांनी आप्पांचा डिरेलर हातात घेतला, चष्मा कपाळावर सारला, बिजागरी दोन बोटांत धरून हलवून पाहिली, आणि म्हणाले, "पन्नास वर्षांत एवढीच झीज? याला बुश घालणारा माणूस घाईत नव्हता." आम्हांसही या यंत्राचे सौंदर्य तेथेच वाटते. नाव कोरलेला तो रुपेरी हात, त्याची घोटीव कड, कोठेही न दिसणारी कानशीची खूण. आणि प्रत्येक भाग साध्या हत्यारांनी सुटणारा. देखणेपणात याचा हात धरणारा आम्ही पाहिला नाही.

काम मात्र? येथे मन घट्ट करून लिहावे लागते. मागची दंतचक्रे लहानाकडून मोठ्याकडे अशी शंकूसारखी रचलेली असतात. कांपान्योलोचा पिंजरा मात्र आडव्या सरळ रेषेत सरकतो. त्यामुळे मोठ्या चक्रापाशी वरची पुली जवळ, तर लहान चक्रापाशी पुष्कळ दूर. मधली मोकळी साखळी वाकते, आणि सांधा बदलण्यास विलंब लागतो. कसलेला स्वार तरफ थोडी जास्त ओढून मग किंचित मागे घेतो. सपाटीवर यात गंमत आहे. घाटात, ट्रक मागे भोंगा वाजवीत असता, ती राहत नाही.

फ्रेंचांकडे वळू. दिजाँ येथील ल्युसियाँ झ्वी यांच्या सिंप्लेक्सने 1960 च्या दशकाच्या आरंभी 'प्रेस्तिज' डिरेलर डेल्रिन नावाच्या प्लास्टिकचा केला. त्यास पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "हे तर गाळणीच्या मुठीसारखे दिसते." रूपाविषयी याहून अधिक लिहिण्याचे कारण नाही. नवा असता तो बरा चालतो, खाडीच्या खाऱ्या हवेत त्याचे प्लास्टिक गंजत नाही, हा त्याचा गुण. जुना झाला की ठिसूळ होऊन तडकतो, हा दोष, आणि आज मिळणारे सगळेच जुने. ह्युरे कंपनीचा 'जुबिली' याच्या अगदी उलट: वजन दीडशे ग्रॅमहूनही कमी, जणू सोनाराने जाळी कापून केलेला. तळहातावर ठेवावा आणि पाहत राहावे. पण त्या नाजूकपणाचीच धास्ती वाटते. लग्नकार्यातच अंगावर यावयाचा तो दागिना, रोजच्या वापराचा नव्हे.

आणि मग जपान. ओसाका परिसरातील माएदा कंपनीने, म्हणजे सनटूरने, 1964 मध्ये तीच चार बिजागऱ्यांची चौकट घेतली आणि ती तिरपी बसविली. बस्स, इतकेच! आता पिंजरा दंतचक्रांच्या उताराबरोबर स्वतःही उतरतो. वरची पुली प्रत्येक चक्रापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते. साखळी चटकन आणि मुकाट्याने जागा बदलते. युरोपातील मोठमोठ्या कारखान्यांस वीस वर्षे ही तिरपाई उचलता आली नाही, कारण पेटंट सनटूरचे. 1984 मध्ये मुदत सरताच शिमानोने ती आपल्या नव्या 'ड्युरा-एस'मध्ये घेतली, तीस टकटक आवाज करीत नेमक्या जागी थांबणारी तरफ जोडली, आणि आज रस्त्यावरचा जवळजवळ प्रत्येक गिअर त्याच रीतीने चालतो. सनटूरचा मूळ धंदा मात्र पुढच्या दशकात बुडाला. नाव तेवढे दुसऱ्यांच्या हाती टिकून आहे. ज्याने वाट काढून दिली तो मागे राहिला. शिंगरोबाच्या घाटाची गोष्ट ठाऊक असणाऱ्यांस हे वाचून नवल वाटू नये.

सनटूरच्या स्वस्त मालाचे रूप बेताचेच. परंतु 1970 च्या दशकाच्या मध्यास आलेला 'सायक्लोन' पाहावा: आखूड पिंजऱ्याचा पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास, अंग मऊ गोलाईचे, कोठे मिरवणे नाही. नुओव्हो रेकॉर्डशेजारी तो प्रथम पोरका वाटतो. पण एकदा का सायकल उलटी ठेवून, पायटा हाताने फिरवीत, त्याची ती तिरपी चाल पाहिली, की त्याचे रूप निराळे दिसू लागते. आमचे मत विचाराल तर पाहण्यास कांपान्योलो, चढण्यास सायक्लोन. आणि एकच निवडावयाचा तर सायक्लोन.

आप्पांस हे सांगण्याचा प्रसंग अवघड होता. सायकल जशीच्या तशी राहावी असे त्यांस वाटे, आणि त्यांचे वाटणे खोटे नव्हते. जुन्या वस्तूचा एक भाग बदलला की दुसराही बदलावासा वाटतो, आणि शेवटी नावच तेवढे उरते. पुतणीने त्यांच्यापुढे दोन्ही डिरेलर ठेविले आणि म्हणाली, "आजोबा, चौकटीला कानस लागणार नाही. दोघांचा स्क्रू एकाच आट्याचा आहे." हे खरे आहे. कांपान्योलोच्या मापाचा कान पुढे बहुतेकांनी स्वीकारला, आणि सनटूर त्यात तसाच बसतो. जुन्या सिंप्लेक्सचा कान तेवढा निराळा असे. आप्पांनी बराच वेळ जुनी पुली बोटाने फिरविली. मग म्हणाले, "काढ. पण फडक्यात गुंडाळून माझ्या कपाटात ठेव, आणि दसऱ्याला परत लाव." लांब पिंजऱ्याचा 'सायक्लोन जीटी' आता सायकलीस लागला आहे, मागे 32 दातांचे चक्र आले आहे, साखळी त्या मानाने चार कड्या लांब केली आहे. पावसाळा सरताच निघावयाचे आहे.

कोणास असा जुना डिरेलर घ्यावयाचा झाल्यास चकाकीकडे आधी पाहू नये. वरचा हात धरून पिंजऱ्याचे टोक आडवे हलवावे. ते खुळखुळले तर बिजागऱ्या गेल्या समजावे आणि ठेवून द्यावा. पुल्यांचे दात अणकुचीदार झाले असतील तर भिऊ नये, त्या बदलून मिळतात. स्प्रिंग ताणून सोडावी. ती सुस्तावली असेल तर किंमत निम्मी सांगावी. प्लास्टिकचा असेल तर उजेडात धरून स्क्रूच्या भोकाभोवती केसासारखी भेग आहे का ते पाहावे. घरी आणल्यावर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून, ब्रशाने घासून, कोरडा करून बिजागऱ्यांत तेलाचा एकेक थेंब सोडावा. अधिक नको, नाही तर विक्रोळीची धूळ तेथेच बिऱ्हाड करते.