सॅनिटायझरनं फोन स्वच्छ झाला, टेबलाचं पॉलिश मात्र गेलं!

२०२० च्या पावसाळ्यात वर्क फ्रॉम होममुळे मी विश्रामबागला घरी आलो होतो. ऑफिस म्हणजे आजोबांचं सागवानी टेबल. बाहेरून आलो की त्याच टेबलावर फोन ठेवायचा, वरून सॅनिटायझर मारायचा, टिश्यूनं पुसायचं. महिन्याभरात तिथं पांढरट, चिकट डाग पडला. टिश्यूचे तंतूसुद्धा त्यात अडकले होते. आई दोन दिवस बोलली नाही.

फोनला काही झालं नाही. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइप्सनी आयफोन पुसला तरी चालतो, असं अ‍ॅपलनंच मार्च २०२० मध्ये सांगितलं होतं. मग टेबलाचंच काय बिघडलं?

जुन्या लाकडी फर्निचरवर बहुतेक वेळा फ्रेंच पॉलिश असतं. म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरचे बारीक किडे जी राळ तयार करतात, ती स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर थरावर थर चढवतात. स्पिरिट उडून जातं, लाख मागं राहते. आणि स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच की! सॅनिटायझर मारला की वाळलेली लाख पुन्हा विरघळते. त्यातलं पाणी थरात अडकलं की पांढरेपणा येतो. गरम चहाच्या कपाचं पांढरं वर्तुळ उमटतं तेही असंच, उष्णता आणि ओलाव्यामुळे.

आपल्याकडे कुठलं फिनिश आहे हे ओळखायचं असेल, तर टेबलाच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटमध्ये बुडवलेला इअरबड अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट झालं तर लाख. काहीच झालं नाही तर त्याच जागी थिनर लावून बघा. त्यानं विरघळलं तर लॅकर. त्यालाही दाद दिली नाही, तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू. हल्लीच्या फर्निचरवर जास्त करून हेच असतं.

पीयू दणकट खरं, पण ओरखडा पडला की घासून नवा थर द्यावा लागतो, आणि जोड दिसण्याची भीती असते. लाखेचं तसं नाही. नवा थर जुन्याला थोडा विरघळवून त्यातच मिसळतो. आमच्या भाषेत, रोलबॅक सोपा. शेजारच्या मिरजेत सतार-तंबोऱ्यांनाही लाखेचं पॉलिश देतात (या वाद्यांना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं). रोज हाताळायच्या वाद्याला डागडुजी करता येईल असंच फिनिश हवं, हे मला पटतं.

मी लगेच मिस्त्रींना बोलावलं, तर ते म्हणाले, "पाऊस उघडू दे." दमट हवेत पॉलिश केलं तर ओलावा थरात अडकून पुन्हा पांढरं पडतं. दिवाळीच्या आधी ते आले. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा घेऊन हलक्या हातानं गोल गोल फिरवत राहिले.

आता फोन हातात धरूनच पुसतो, तोही सॅनिटायझर कापडावर घेऊन. टेबलाला फक्त कोरडं मायक्रोफायबर. चमक आणणारे सिलिकॉनचे स्प्रे घरात आणत नाही, कारण त्यांचा अंश राहिला की पुढचं पॉलिश नीट धरत नाही. लॅपटॉप स्टँडच्या रबरी पायांखाली जाड सुती कापड घातलंय. काही रबरांमधला प्लॅस्टिसायझर फिनिशमध्ये उतरतो आणि त्याचेही डाग पडतात.

डाग गेलाय. तिरप्या उन्हात नीट बघितलं तर जागा अजून कळते, आणि आईला ती बरोबर दिसते.