क्राय : मदतीकडून हक्कांकडे

'क्राय' ही संस्था 1979 साली मुंबईत सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांनी ते वर्ष आंतरराष्ट्रीय बालवर्ष म्हणून जाहीर केले होते. एअर इंडियात पर्सर असलेले रिप्पन कपूर आणि त्यांचे सहा मित्र यांच्याकडे भांडवल होते 50 रुपयांचे, आणि कार्यालय म्हणजे कपूर यांच्या आईचे जेवणाचे टेबल. आज मुख्य कार्यालय चिंचपोकळीच्या आनंद इस्टेटमध्ये, साने गुरुजी मार्गावर आहे. मुलांसाठी आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर ते असावे, हा योगायोग सुखावणारा आहे.

स्वतः अनाथाश्रम किंवा शाळा चालवायची नाही, हा या मंडळींचा निर्णय सर्वांत दूरदर्शी ठरला. गावोगावी, वस्त्यावस्त्यांत मुलांसाठी झटणाऱ्या लहान संस्था होत्याच. त्यांना पैसा, प्रशिक्षण आणि हिशेबाची शिस्त हवी होती. 'क्राय'ने देणारा आणि करणारा यांच्यातला दुवा होण्याचे काम पत्करले. निधीसाठी शुभेच्छापत्रे विकली. दिवाळीला, नववर्षाला ही कार्डे मध्यमवर्गीय घरांत पोहोचली आणि थोडी रक्कम देणारेही संस्थेशी जोडले गेले. 1994 मध्ये कपूर यांचे चाळिशीतच निधन झाले, तरी काम थांबले नाही. ते एका माणसाच्या ओळखीपाळखीवर उभे नव्हते, हेच त्याचे कारण मानायला हवे.

अनुभवातून दृष्टीही बदलली. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलाला दप्तर, वह्या दिल्या तरी मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला आईबाप निघाले की तेही फडावर जाते. तिथे दप्तर पुरत नाही. गावात रोजगार, मागे राहणाऱ्या मुलांची सोय आणि चालू असलेली सरकारी शाळा लागते. ती मागायला पालकांनी आणि ग्रामपंचायतीने उभे राहावे लागते. भारताने 1992 मध्ये बालहक्क संहिता स्वीकारल्यावर या विचाराला आधार मिळाला. 2006 मध्ये 'चाइल्ड रिलीफ अँड यू' हे नाव बदलून 'चाइल्ड राइट्स अँड यू' झाले.

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याची हमी 6 ते 14 वयापुरती आहे. पुढची चार वर्षे सर्वांत धोक्याची: याच वयात मुले कामाला लागतात, मुलींची लग्ने ठरतात. बालमजुरी कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना शाळेच्या वेळेबाहेर घरच्या व्यवसायात हातभार लावण्याची मुभा दिली, तर 14 ते 18 वयाच्या मुलांना फक्त धोकादायक कामांची बंदी ठेवली. घरच्या व्यवसायाच्या सवलतीला 'क्राय'ने उघड विरोध केला. शिक्षणाची हमी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत असावी, ही तिची मागणी कायम आहे.