उडण्याआधी जमिनीवर जाळून पाहायचे

रत्नागिरी जिल्हा परिषदेने आपल्या शाळांतली निवडक मुले इस्रो आणि नासा पाहायला पाठवली, ते चांगलेच केले. पण रॉकेट म्हटले की आपण उड्डाणच पाहतो. खरी कसोटी त्याआधी जमिनीवर लागते, आणि तीत महाराष्ट्रात घडलेले पुष्कळ लोखंड तावून निघते.

घन इंधन: एकदाच पेटणार

एलव्हीएम-3 रॉकेटच्या दोन बाजूंना एस-200 बूस्टर असतात. त्यांची पोलादी कवचे पवईच्या एल अँड टी कारखान्यात बनली आहेत. आत भरायच्या घन इंधनाचे तंत्र देशात रुजवणाऱ्यांत डॉ. वसंत गोवारीकर आघाडीवर होते. हे इंधन दिवाळीच्या बाणासारखे: पेटले की थांबवता येत नाही. म्हणून बूस्टर आडवा घालून जखडतात आणि अखेरपर्यंत जळू देतात. माणसे नेणाऱ्या गगनयानासाठी याच बूस्टरचा एचएस-200 झाला. 13 मे 2022 रोजी श्रीहरिकोट्याला त्याची अशी स्थिर चाचणी झाली. 203 टन इंधन 135 सेकंदांत संपले आणि तेवढ्या वेळात दाब, तापमान, कंपने अशी सुमारे 700 मापे टिपली गेली.

द्रव इंधन: पुन्हा पुन्हा

विक्रोळीच्या गोदरेजमध्ये तयार होणारे विकास इंजिन बंद करता येते, त्यामुळे त्याचा छळही जास्त. तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला ते 14 जुलै 2021 रोजी सलग 240 सेकंद चालवले. त्याहून कडक परीक्षा सीई-20 या क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या इंजिनाची. उड्डाणात ते जेमतेम दहा-अकरा मिनिटे चालते. गगनयानासाठी ते पात्र ठरवताना मात्र चार इंजिनांवर 39 चाचण्या घेतल्या, एकूण 8,810 सेकंद, म्हणजे जवळजवळ अडीच तास. आकाशातल्या विरळ हवेत ते पेटेल ना, हे पाहायला निर्वात कक्षातही पेटवले.

मग उड्डाण

जमिनीवर वेग आणि वाऱ्याचा मारा आणता येत नाही. त्यासाठी उडवूनच पाहावे लागते. 21 ऑक्टोबर 2023 रोजी गगनयानासाठीचे टीव्ही-डी1 हे चाचणी-रॉकेट निघणार, तर संगणकाने पाच सेकंद आधी ते थांबवले. बिघाड शोधून दहा वाजता सोडले. सुमारे 12 किलोमीटरवर संकटकालीन यंत्रणेने रिकामे क्रू मॉड्यूल, म्हणजे अंतराळवीरांची कुपी, ओढून बाजूला नेले आणि ते पॅराशूटने समुद्रात उतरले. पाण्यात ते उलटे झाले, म्हणजे पुढच्या वेळी काय सुधारायचे तेही कळले. माझ्या मते चाचणीची खरी कमाई तीच.

आपल्या किनाऱ्यावरून का नाही?

पृथ्वी पूर्वेकडे फिरते. तिच्या वेगाचा फायदा घ्यायचा तर बहुतेक रॉकेटे पूर्वेला सोडावी लागतात. रत्नागिरीच्या पूर्वेला सह्याद्री आणि भरवस्तीचा देश आहे, जळून सुटलेले टप्पे तिथे पाडता येणार नाहीत. श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला बंगालचा उपसागर आहे. तिथे सर्वसामान्यांसाठी प्रेक्षागार आहे आणि आधी नोंदणी करून उड्डाण पाहता येते. मुलांना एकदा जरूर घेऊन जा.